सोबत जोडायचे पुरावे

तहसीलच्या मागे, माशांच्या लिलावाचा आवाज येतो तिथे
माझं टेबल, माझा स्कॅनर, स्टुलावरचा पंखा.
वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज भरून देतो.
पन्नास रुपये. झेरॉक्स वेगळी.

लवू खोबरेकर आले ते चपला बाहेर काढून,
देवळात यावं तसे.
स्त्री की पुरुष? मी सवयीनं विचारलं.
"दिवसाचा काय रातचा?" ते म्हणाले,
आणि हसले नाहीत.

कला: दशावतार. कालावधी: एकेचाळीस वर्षं.
प्रमुख भूमिका.
ते सांगत गेले. तारामती, द्रौपदी, वृंदा, मंदोदरी,
एकदा आयत्या वेळी यम,
कारण यमाला पेटाऱ्यामागे विंचू चावला होता.
रकाना दोन ओळींचा.
मी ‘इत्यादी’ लिहिलं.
मंदोदरी इत्यादीत गेली.

संहितेची प्रत?
संहिता कधी नव्हतीच. तोंडाला रंग लावता लावता
मालक सांगायचा आज कुठलं आख्यान, कोण मरणार,
बाकीचं बाकड्यावर बसलं की सुचायचं.
जाहिरात?
जत्रेची तिथी कुत्र्यांनासुद्धा पाठ.
नेमणुकीचं पत्र?
मालकानं हातात दिलेला नारळ. त्याची सोलकढी झाली.
फोटो?
एक होता. वादळात कौलांबरोबर गेला.

मग खिशातून प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत पिशवी, तिच्यात एक पावती:
नऊशे रुपये, सही, शिक्का,
चित्रीकरण, निवतीचा किनारा.
अहो, हे चालेल की! मी जवळजवळ ओरडलो.
ते जरा खाली बघून बोलले.

मुंबईची माणसं आली होती,
पाऊस नसताना पांढऱ्या छत्र्या घेऊन.
काम: बुडून मेलेला माणूस.
होडीत आडवं पडायचं.
पडलो, तर म्हणाले, कमी करा.
अजून कमी.
आजोबा, काहीच करू नका.
"माका वाटला, मेल्यार पण मी जास्तच करतंय."

थोडं थांबून:
"देवळाच्या खांबाकडे एक म्हातारी बसा,
जिका डोळ्यान दिसना नाय.
तिका माझी तारामती कानान दिसाक होयी.
आणि हय यंत्र नाकासमोर,
श्वास मोजी होता."

भरती चढली, होडी आपसूक हलली,
दुपारी तीनच्या सुमाराला एकदाचे ते
त्यांना हवे तेवढे मेले.

पडद्यावर किती वेळ दिसलात?
त्यांनी चिमूट करून दाखवली,
आमटीत मीठ किती, ते दाखवावं तशी.
नातू खुर्चीवर उभा राहून ओरडला, "आजो!"
तोवर पडद्यावर
भलत्याच कुणाचं लग्न लागत होतं.

मी लिहिलं: चित्रपट, एक. पुरावा जोडला आहे.
आणि एकेचाळीस वर्षांच्या रात्री,
गॅसबत्तीखालच्या, चालत गाठलेल्या, पहाटे रंग पुसलेल्या,
त्या एका मेलेल्या दुपारच्या मागे
स्टेपल केल्या.

फोटो काढूया. इथे बघा. काही करू नका,
मी म्हणून गेलो, आणि जीभ चावली.
त्यांचा हात खांद्याकडे गेला,
पदर नीट करायला,
खादीचा सदरा लागला, परत आला.
नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं.
दुसरा काढला. दोन्ही कान दिसतात, नियमाप्रमाणे.
पहिला मी अजून पुसलेला नाही.

निघताना सांगितलं, मंजूर झालं तर
दर नोव्हेंबरात इथे यायचं, स्वतः.
हयातीचा दाखला.
जिवंत आहात, एवढं साहेबांना दाखवायचं.

ते दारात थांबले. बाहेर सुरमईचा भाव चढत होता.
एक पाय चपलेत, एक अजून बाहेर.
"जितो आसंय म्हणान दाखवूचा,"
त्यांनी अगदी कामाच्या माणसासारखं विचारलं,
"ता कितपत करूचा?"